हलता देखावा

पुण्यात गणपतीच्या दिवसांत हलते देखावे पाहायला अर्धी रात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. महिषासुराचा हात वर जातो, खाली येतो, मागचे दिवे लाल होतात, हिरवे होतात, कर्ण्यातून निवेदकाचा घनगंभीर आवाज येतो. बघणारा पाच मिनिटं थांबतो, ‘यंदा चांगला केलाय’ म्हणतो आणि पुढच्या मंडळाकडे सरकतो. महिषासुराचा हात मधेच अडकला तर काय करायचं, ही चिंता बघणाऱ्याची नसते. त्यासाठी पडद्यामागे एक कार्यकर्ता हातात पक्कड घेऊन बसलेला असतो. त्याला देखावा दिसत नाही, पण देखावा त्याच्याच जिवावर चालतो. असाच एक हलता देखावा हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या संगणक कंपन्यांत बारा महिने चालू असतो. भिंतीवर भला मोठा टीव्ही, त्यावर काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या-पिवळ्या रेघा, अर्धगोल तबकडीत मागेपुढे होणारे आकडे, कोपऱ्यात सगळं क्षेमकुशल असल्याचं सांगणारा हिरवा चौकोन. पाहुणे आले की त्यांना आधी तिथेच नेतात. याला डॅशबोर्ड म्हणतात, आणि ‘आमची सर्व्हरवर चोवीस तास देखरेख असते’ असं ग्राहकाला सांगताना बोट याच्याकडेच केलं जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की देखरेख आणि देखावा हे शब्द एकाच घरातले असले तरी त्यांची कामं वेगळी आहेत. आणि क्लाउडवर डॅशबोर्ड उभा करणं सोपं झाल्यापासून आपण देखावा उभारून देखरेखीचं समाधान मिळवायला लागलो आहोत. मंडळाचा कारभार या बाबतीत जास्त प्रामाणिक. तिथे पक्कडवाला आधी ठरतो, महिषासुर नंतर येतो.

उभारणी किती सोपी झाली आहे ते जरा जवळून पाहू. क्लाउड या शब्दात ढग असला तरी प्रकरण जमिनीवरचंच आहे: दुसऱ्याच्या इमारतीतला भाड्याचा संगणक. मायक्रोसॉफ्टचा असा तळ पुण्यात २०१५ पासून आहे आणि ॲमेझॉनचा मुंबईत २०१६ पासून, म्हणजे ढगही आपल्याच गावचे. तिथे एक संगणक भाड्यानं घ्यायचा आणि त्यावर मुख्यतः दोन फुकट मिळणारी सॉफ्टवेअर चढवायची. पहिलं प्रोमिथियस. बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत २०१२ साली त्याचा जन्म झाला. मीटरचं रीडिंग घेणारा माणूस महिन्यातून एकदा येतो. हा गडी बऱ्याच ठिकाणी दर पंधरा सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरच्या दारात जातो आणि मेमरी किती वापरली, डिस्क किती भरली, किती विनंत्या आल्या, याचे आकडे टिपून आणतो. ग्रीक पुराणातल्या प्रोमिथियसनं देवांकडून अग्नी चोरला म्हणून त्याला खडकाला बांधलं होतं आणि एक गरुड रोज येऊन त्याचं काळीज खात असे. नाव ठेवणाऱ्यांना रात्रपाळीची चांगली कल्पना असावी. दुसरं सॉफ्टवेअर ग्राफाना, स्वीडनच्या टॉर्केल ओडेगार्ड यांनी २०१४ मध्ये जगापुढे आणलेलं. प्रोमिथियसनं आणलेल्या आकड्यांची चित्रं काढणं हे त्याचं काम. दोन-चार आज्ञा टाइप केल्या की ते ३००० क्रमांकाच्या पोर्टवर हजर होतं. नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. आत शिरताच ते नम्रपणे विचारतं, पासवर्ड बदलता का? आणि शेजारीच ‘स्किप’ अशी पळवाट ठेवतं. ‘नंतर बदलू’ म्हणून त्या पळवाटेनं गेलेली माणसं नंतर परत आल्याची नोंद सहसा सापडत नाही. मग फायरवॉलमध्ये शून्य-शून्य-शून्य-शून्य, म्हणजे जगातल्या कोणालाही आत यायची मुभा, ‘टेस्टिंगपुरती’ द्यायची. शेवटी ग्राफानाच्या सार्वजनिक भांडारातला १८६० क्रमांकाचा तयार डॅशबोर्ड आयात करायचा. क्षणात शेकडो रेघा हलू लागतात. या सगळ्याला जेमतेम अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात ‘आपल्याला नक्की काय पाहायचं आहे’ हा प्रश्न एकदाही, कोणीही, कोणालाही विचारत नाही. भाड्याच्या दुकानातून शेरवानी आणावी तसा डॅशबोर्ड येतो. घातलेल्या माणसाच्या मापाची नसते, पण फोटोत छान दिसते.

आता त्या अर्धगोल तबकडीकडे निरखून पाहा. आकडा ऐंशीच्या पुढे गेला की ती लाल होते. हे ऐंशी कोणी ठरवलं असं विचारलं, तर कनिष्ठ वरिष्ठाकडे बघतो आणि वरिष्ठ पूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव घेतो. खरं म्हणजे ते कोणीच ठरवलेलं नसतं. ग्राफानात नवी चौकट काढली की पायाशी हिरवा आणि ऐंशीला लाल अशी मर्यादा आयतीच मिळते. ती बदलायची सोय आहे, बदलणारा हवा. वीस जीबीची डिस्क ऐंशी टक्के भरली तर चार जीबी उरतात आणि एखाद्या चिडलेल्या लॉगफाइलला ते एका रात्रीचंही खाद्य नाही. दोन हजार जीबीची डिस्क ऐंशी टक्के भरली तर चारशे जीबी उरतात आणि ते कदाचित वर्षभर पुरतील. तबकडी दोघांनाही तोच लाल रंग देते. प्रोसेसरची गोष्ट तर उलटीच. आपण त्याचं तासाच्या हिशोबानं भाडं भरतो. भाड्यानं घेतलेला टेम्पो ऐंशी टक्के भरून निघाला तर मालक खूश होतो. प्रोसेसर ऐंशी टक्के वापरला गेला की आपण घाबरतो. वेळेचंही तसंच. सर्व्हरचं घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर लावलेलं असतं, त्यामुळे भारतात पहाटे दोनला बंद पडलेली सेवा नोंदीत आदल्या दिवशी रात्री साडेआठला पडलेली दिसते, आणि चौकशीच्या बैठकीतला पहिला अर्धा तास साडेपाच तासांचा हिशोब जुळवण्यात जातो. प्रोमिथियस मूळ मांडणीत आकडे फक्त पंधरा दिवस जपतो, म्हणजे साधारण पितृपक्षाइतके. मागच्या दिवाळीच्या सेलला किती ताण आला होता हे यंदाच्या दिवाळीआधी पाहायला जावं, तर तिथे काहीच नसतं. भिंतीवरच्या ऐटदार चित्रातली निम्मी अक्कल अशी कारखान्यातून आलेली असते. ती वाईट असते असं नाही, ती आपली नसते.

देखावा दुसऱ्याच्या अकलेवर चालला तरी चालतो. अडचण अशी, की तो कशावर उभा आहे हेही कोणी पाहत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ चा दिवस या बाबतीत पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेत एक अभियंता थोडे सर्व्हर बाजूला काढायला गेला, आज्ञेत भरायची एक गोष्ट चुकली आणि नको इतके सर्व्हर बाजूला निघाले. अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ९.३७ ला हे घडलं. असंख्य संकेतस्थळं लंगडी झाली. अशा वेळी कोणती सेवा चालू आणि कोणती बंद हे सांगण्यासाठी ॲमेझॉनचा स्वतःचा सार्वजनिक डॅशबोर्ड होता. पण त्या डॅशबोर्डवरची माहिती बदलण्याची यंत्रणा एस-थ्रीवरच अवलंबून होती. त्यामुळे ११.३७ पर्यंत, म्हणजे पुरे दोन तास, प्रत्येक सेवेपुढची खूण बदलताच आली नाही, आणि कंपनीला ट्विटरवरून जगाला खरी हकीकत सांगावी लागली. पुलाजवळ ‘नदीची पातळी सामान्य’ अशी पाटी असावी आणि ती पुसायला जायचा रस्ताच पुराखाली जावा, तसं हे झालं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं जाळं सुमारे सहा तास इंटरनेटवरून नाहीसं झालं, तेव्हाही बिघाड शोधण्यासाठी लागणारी कंपनीची अंतर्गत साधनं त्याच जाळ्यावर होती आणि तीही सोबत गेली. एवढ्या मोठ्यांचं हे झालं तर लहानांची काय कथा. आपल्याकडे खर्च वाचवायला डॅशबोर्ड त्याच संगणकावर चढवतात, ज्याच्यावर त्यानं नजर ठेवायची असते. संगणक गेला की पहारेकरीही जातो, आणि गेल्याची वर्दी द्यायला कोणी उरत नाही. त्याहून गमतीचा प्रकार म्हणजे, ग्राफाना आपली सगळी चित्रं मूळ मांडणीत एका छोट्या एसक्यूलाइट फाइलमध्ये ठेवतं. ग्राफाना कंटेनरमध्ये, म्हणजे केव्हाही मोडून नव्यानं उभारता येणाऱ्या खोक्यात, चालवताना ती फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवायची व्यवस्था केली नाही, तर कंटेनर नव्यानं उभारला त्या दिवशी महिनाभर खपून काढलेले सगळे डॅशबोर्ड गुप्त होतात. मग टीव्हीवर पुन्हा लॉगिनचं पान येतं, ॲडमिन आणि ॲडमिन.

समजा पहारेकरी वेगळ्या इमारतीत बसवला, तरी तो काय विचारतो हे पाहायला हवं. रस्त्यात भेटलेल्या मराठी माणसाला ‘कसं काय?’ म्हटलं की तो ‘बरं चाललंय’ म्हणतो. त्याचा पगार तीन महिने थकलेला असेल, दाढ ठणकत असेल, तो दवाखान्यातूनच घरी निघाला असेल, तरी उत्तर तेच, कारण प्रश्नच त्या उत्तरासाठी असतो. सर्व्हरला विचारला जाणारा हेल्थ चेक बहुतेक ठिकाणी याच जातीचा असतो. ‘आहेस का?’ ‘आहे.’ दोनशे क्रमांकाचं, म्हणजे ‘ठीक आहे’ असं उत्तर येतं, चौकोन हिरवा होतो. त्याचा डेटाबेसशी संपर्क तुटलेला आहे, पैसे भरायचं बटण दाबलं की पांढरं पान येतं आहे, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं. या चुकीची फार मोठी किंमत एकदा दिली गेली आहे. अमेरिकेत थ्री माइल आयलंड इथल्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ च्या पहाटे दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र ती बंद झाल्याचं सुचवत होता, कारण त्या दिव्याला झडपेची स्थिती कळतच नव्हती. झडपेला बंद होण्याचा इशारा गेला आहे, एवढंच तो सांगत होता. माणसांनी दिव्यावर विश्वास ठेवला आणि दोन तासांहून अधिक काळ थंड करणारं पाणी बाहेर जात राहिलं. त्याच वेळी शंभराहून अधिक अलार्म वाजत-चमकत होते आणि त्यांची नोंद छापणारं यंत्र दोन तासांहून जास्त मागे पडलं होतं. म्हणजे माहिती कमी नव्हती, महापूर होता. ‘हुकूम सुटला’ आणि ‘काम झालं’ यांतला फरक सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या प्रत्येक नागरिकाला कळतो. डॅशबोर्डला तो शिकवावा लागतो.

आकड्यांच्या बाबतीत दुसरी लबाडी सरासरी करते. विरार लोकलमधल्या गर्दीची चोवीस तासांची सरासरी काढली, तर प्रत्येकाला बसायला जागा मिळून शेजारी पिशवी ठेवता येईल असं चित्र निघू शकेल. सकाळी सव्वाआठला नालासोपाऱ्याला डब्यात शिरू पाहणाऱ्याला ते चित्र दाखवून पाहावं. भिंतीवर ‘सरासरी प्रतिसाद ०.२ सेकंद’ असं अभिमानानं झळकतं, तेव्हा शंभरातल्या एखाद्याला दहा-दहा सेकंद ताटकळावं लागलं तरी बाकीचे नव्याण्णव जण सरासरीला सावरून धरतात. म्हणूनच जाणकार लोक सरासरी सोडून शंभरातल्या सर्वांत रखडलेल्या माणसाला किती वेळ लागला ते पाहतात. टक्केवारीही अशीच गोड बोलते. करारात सेवा ९९.९ टक्के चालू राहील असं लिहिलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता मागायचं काय राहिलं? तीस दिवसांच्या महिन्यात त्या उरलेल्या ०.१ टक्क्याची सुमारे त्रेचाळीस मिनिटं होतात. ही त्रेचाळीस मिनिटं पहाटे साडेतीनला गेली तर कोणाच्या खिजगणतीत नसतात. दहावीचा निकाल दुपारी एकला लागायचा आणि तीच मिनिटं एक वाजून एक मिनिटाला सुरू झाली, तर महाराष्ट्रातली लाखो घरं एकाच वेळी रिफ्रेशचं बटण दाबत बसतात. डॅशबोर्डच्या मासिक अहवालात दोन्ही प्रसंग सारखेच हिरवे.

आता कोणी म्हणेल, की भिंतीकडे चोवीस तास बघत बसायला सांगतंय कोण? आकडा बिघडला की ॲलर्ट येतो, फोन वाजतो, तो खरा पहारा. हा आक्षेप रास्त आहे, आणि पक्कडवाल्याच्या जवळ नेणाराही आहे. म्हणून ॲलर्ट कसा असावा याचा उत्तम नमुना पाहू. तो आपल्या स्वयंपाकघरात आहे. कुकरची शिट्टी. घरातल्या कोणालाही ती कुठूनही ऐकू येते. ‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर’ असं सांगून आई बाहेर जाते, त्यात मर्यादा आली, कृती आली आणि जबाबदार माणूसही आला. डाळ चौथ्या शिट्टीला करपली तर कोणाला बोलायचं हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. कुकर आपलं तापमान दर पंधरा सेकंदांनी ओरडून सांगत नाही, वरणाची मागच्या आठवड्याशी तुलना करत नाही. आता याच्यापुढे ऑफिसातला ॲलर्टचा ग्रुप ठेवा. दिवसाला दोनशे संदेश: मेमरी थोडी वाढली, मेमरी थोडी उतरली, डिस्क ऐंशी टक्के, डिस्क एकोणऐंशी टक्के, ‘प्रश्न सुटला’, ‘प्रश्न पुन्हा उद्भवला’. पहिल्या आठवड्यात सगळे वाचतात, दुसऱ्या आठवड्यात अंगठे येतात, तिसऱ्या आठवड्यात तो ग्रुप घरातल्या ‘शुभ सकाळ’च्या ग्रुपशेजारी म्यूट होऊन विसावतो. यात आळशीपणा नाही, मनुष्यस्वभाव आहे. रुग्णालयांचं मूल्यमापन करणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेनं २०१३ मध्ये इशारा दिला होता, की तिथल्या यंत्रांच्या अलार्मपैकी अंदाजे ८५ ते ९९ टक्के अलार्मना वैद्यकीय हस्तक्षेपाची गरजच नसते, आणि म्हणून कर्मचाऱ्यांचे कान त्यांना सरावतात. प्राण पणाला लागलेल्या खोलीत हे होतं, तर ‘डिस्क एकोणऐंशी टक्के’ला कोण भीक घालणार? जो ॲलर्ट आल्यावर काहीच करायचं नसतं, तो फुकट जातोच, शिवाय शेजारच्या खऱ्या ॲलर्टचं मोल घटवतो.

याउलट शांततेचंही नीट वाचन करावं लागतं. पूर्वी गल्लीतून रात्री गुरखा काठी आपटत, शिट्टी वाजवत जायचा. चोर आला म्हणून तो शिट्टी वाजवत नसे. सगळं ठीक आहे, मी जागा आहे, असं ती सांगायची. शिट्टी ऐकू आली नाही त्या रात्री लोकांना जाग यायची. असे अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिस या सॉफ्टवेअरसाठी प्रोमिथियस आणि ग्राफानाचा जो तयार संच मिळतो, त्यात वॉचडॉग नावाचा एक ॲलर्ट नेमका असाच बसवलेला आहे. तो सदैव वाजत असतो आणि त्यानं वाजतच राहायचं असतं; तो थांबला तर समजायचं की सर्व्हर ठीक असेल-नसेल, पहारा मात्र झोपला आहे. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला डेड मॅन्स हँडल दाबून धरावं लागतं, सोडलं की गाडी थांबते, ती कल्पनाही याच कुळातली. पण बऱ्याच ठिकाणी घडतं काय? नवा माणूस येतो, एक ॲलर्ट अखंड वाजतोय असं बघतो आणि ‘हा उगाच त्रास देतो’ म्हणून तेवढाच नेमका बंद करतो. गोंगाट करणारे बाकीचे दोनशे तसेच. शून्य आणि ‘माहिती नाही’ यांतही असाच घोळ होतो. चुकांचा आकडा शून्य आला की आनंद व्हावा हे ठीक, पण आकडे पाठवणारा कार्यक्रमच बंद पडला असेल तर चुका मोजणार कोण? परीक्षेला न बसलेल्या मुलाची एकही चूक निघत नाही.

मग सगळंच मोजलं तर? साठवण स्वस्त झाली आहे, आज नाही तर उद्या कामाला येईल, असा दुसरा आक्षेप असतो. जुन्या रिकाम्या डब्यांबद्दल आपल्या घरांत हाच युक्तिवाद चालतो आणि माळ्याची काय अवस्था होते हे सर्वज्ञात आहे. क्लाउडवर माळ्याचंही भाडं लागतं. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेत आपण होऊन नोंदवलेल्या प्रत्येक मेट्रिकला, म्हणजे मोजायच्या प्रत्येक आकड्याला, पहिल्या दहा हजारांपर्यंत महिन्याला ३० सेंट पडतात. तेवढ्यात कोणाचं काय बिघडतं, असं वाटेल. पण वीस सर्व्हर, प्रत्येकावर पन्नास पानं आणि प्रत्येक पानाची पाच प्रकारची उत्तरं अशी वेगवेगळी नोंद ठेवायची म्हटली, की वीस गुणिले पन्नास गुणिले पाच मिळून पाच हजार मेट्रिक होतात आणि महिन्याला दीड हजार डॉलर होतात. इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो, आणि बिल आल्यावरच तो कळतो. बदल्यात मिळतं ते सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरसारखं. तिथे आलेल्या प्रत्येकाची नोंद असते: नाव अवाचनीय, कोणाकडे ‘पर्सनल’, वेळ वरच्याच्या खाली दोन टिंबं, फोन नंबर नऊ आकडी. चोरी झाल्यावर पोलीस ते रजिस्टर उघडतात आणि मिटतात. आणि बघणं हेसुद्धा एक ओझं आहे, हे विसरून चालणार नाही. यूपीआयवर १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमधून दिवसाला पन्नास वेळाच खात्यातली शिल्लक तपासता येते, कारण कोट्यवधी लोकांच्या नुसत्या डोकावण्यानंही यंत्रणेवर ताण येतो. शिल्लक पन्नास वेळा पाहून वाढत नाही, ही गोष्ट वेगळीच.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे: साहेबांना आणि ग्राहकांना काहीतरी दिसावं लागतं, रेघा हलताना पाहिल्या की त्यांना धीर येतो. हे खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. देखाव्यालाही समाजात स्थान आहे, नाहीतर आपण वर्गणी दिली नसती. फक्त त्याला देखावा म्हणावं. डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून समोर लावलेली फळी म्हणजे डॅशबोर्ड. आजही बैठकीत चिखलफेक सुरू झाली की पहिल्यांदा तोच पुढे धरला जातो: ‘आमच्याकडे तर सगळं हिरवं होतं!’ इतक्या वर्षांत काम फारसं बदललेलं नाही. आणि हल्ली चौथा आक्षेप येतो, की आता हे सगळं एआय बघेल. बघेल बापडं. ते दोनशे संदेशांचा सारांश काढेल, कुठली रेघ रोजच्यापेक्षा वाकडी आहे तेही सांगेल, आणि ते उपयोगी पडेल. पण पहाटे तीनला फोन कोणाचा वाजायचा, त्या माणसाला सर्व्हर पुन्हा सुरू करायचा अधिकार आहे का, आणि दुसऱ्या दिवशी त्याला उशिरा यायची सवलत मिळते का, या प्रश्नांची उत्तरं कंपनीलाच द्यायची आहेत. त्याला अजून सॉफ्टवेअर निघालेलं नाही.

डॅशबोर्ड काढून टाका असं मी म्हणत नाही. अंधारात चाचपडण्यापेक्षा कंदील बरा, आणि प्रोमिथियस-ग्राफाना हा फार चांगला कंदील आहे, तोही फुकट मिळालेला. प्रचंड संख्येनं सर्व्हर सांभाळणाऱ्या गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये आपल्या कामाच्या रीतीवर पुस्तक काढलं. त्यात वापरणाऱ्यांच्या बाजूनं पाहायच्या चारच गोष्टी मुख्य मानल्या आहेत: उत्तराला वेळ किती लागतो, मागणी किती आहे, चुका किती होतात आणि यंत्रणा किती भरली आहे. चार. १८६० क्रमांकाच्या डॅशबोर्डवरच्या रेघा मोजायला बसलात तर चहा गार होईल. म्हणून उद्या कामावर गेलात की भिंतीवरच्या प्रत्येक चौकटीखाली एक चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठीवर दोन ओळी: ही लाल झाली तर कोण उठणार, आणि उठून काय करणार. ज्या चौकटीखाली नाव सुचणार नाही, ती काढून टाका. नाव सुचलं पण काम सुचलं नाही, तर तिचा ॲलर्ट बंद करा. भिंत बरीचशी उघडी पडेल, पाहुणे थोडे हिरमुसतील, त्यांना गणपतीत बोलवा. उरलेल्या चार-पाच चौकटींमागे मात्र हातात पक्कड घेतलेला माणूस असेल, आणि त्याचं नाव सगळ्यांना माहीत असेल. आणि हो, हे सगळं सवडीनं केलंत तरी चालेल, पण तो ॲडमिनचा पासवर्ड आजच बदला.